नावाची करणी

मराठीत मुलाचे नाव ठेवतात आणि माणसाला नावे ठेवतात. एकवचन आणि अनेकवचन एवढाच काय तो फरक. पण पहिल्याने बारसे होते आणि दुसऱ्याने बदनामी. नाव कमावणे, नाव घालवणे, नाव टाकणे, उखाण्यात नाव घेणे, कुणाच्या तरी नावाने खडे फोडणे अशा वाक्प्रचारांची यादी करायला बसले तर पान पुरणार नाही. नावाच्या अंगी काहीतरी कर्तृत्व असते, ही जाणीव भाषेत फार पूर्वीपासून मुरलेली आहे. आधुनिक विज्ञानाने मात्र नावाकडे बराच काळ केवळ सोयीची खूण म्हणून पाहिले. वस्तूचा गुणधर्म वस्तूत असतो, नावात नसतो, हे खरेच आहे. तथापि त्या वस्तूशी माणूस कसा वागतो, हे पुष्कळदा नावावरून ठरते. प्रयोगशाळा, दवाखाने, बाजारपेठा आणि नोकरीचे अर्ज अशा सर्व ठिकाणी त्याचे दाखले सापडतात.

रिकाम्या पिंपांची आग

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन ली व्होर्फ हे व्यवसायाने अग्निविमा कंपनीचे निरीक्षक होते. आगी कशा लागतात याचे शेकडो अहवाल तपासताना त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. पेट्रोलने भरलेली पिंपे जेथे ठेवलेली असत, तेथे कामगार अतिशय जपून वागत. 'रिकामी पिंपे' असे म्हटलेल्या जागी मात्र खुशाल धूम्रपान चाले आणि जळती थोटके इतस्ततः टाकली जात. वस्तुतः भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप अधिक घातक असते, कारण त्यात ज्वालाग्राही वाफ कोंडलेली असते. 'रिकामे' या शब्दाने कामगारांना निर्धास्त केले आणि आग लागली. ठिणगी सिगारेटची होती. निष्काळजीपणा शब्दाने आणला होता.

नाव केवळ वागणूकच बदलते असे नाही, ते स्मृतीतही ढवळाढवळ करते. १९३२ मध्ये कारमायकेल, होगन आणि वॉल्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही संदिग्ध आकृत्या दोन गटांना दाखवल्या. आकृत्या त्याच, नावे मात्र निरनिराळी. मध्ये रेघेने जोडलेली दोन वर्तुळे एका गटाला 'चश्मा' म्हणून दाखवली, तर दुसऱ्याला 'डंबेल' म्हणून. नंतर आठवणीने त्या आकृत्या काढायला सांगितल्यावर पहिल्या गटाच्या चित्रांत रेघ चष्म्याच्या दांडीसारखी वाकली, तर दुसऱ्या गटाच्या चित्रांत ती जाडजूड झाली. डोळ्यांनी जे पाहिले त्यावर कानांनी ऐकलेल्या नावाने मात केली.

स्वतःच्या नावाची गोष्ट तर आणखीच निराळी. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी केलेल्या प्रयोगात एका कानात ऐकू येणारा मजकूर सहभागींना मोठ्याने म्हणायला लावला होता. दुसऱ्या कानात काय चालले आहे याचा त्यांना पत्ताही लागत नव्हता. पण त्याच कानात स्वतःचे नाव उच्चारले गेले तेव्हा सुमारे एकतृतीयांश जणांनी ते टिपले. लग्नाच्या मांडवातील कोलाहलात कुणी आपले नाव घेतले की मान आपोआप वळते, त्यामागचे कारण हेच.

दुसऱ्याचे नाव मात्र स्मृतीतून चटकन निसटते. एखादा गृहस्थ व्यवसायाने सुतार आहे असे सांगितले तर ते लक्षात राहते. त्याचे आडनाव सुतार आहे असे सांगितले तर ते विसरले जाते. इंग्रजीत 'बेकर' या शब्दावर झालेल्या अशाच प्रयोगांमुळे मानसशास्त्रात हा 'बेकर विरोधाभास' म्हणून ओळखला जातो. शब्द तोच. परंतु व्यवसाय म्हणताच रंधा, करवत, लाकडाचा भुसा असा सारा गोतावळा मनात उभा राहतो. आडनावाला असा गोतावळा नसतो, म्हणून ते एकटे पडते आणि हरवते.

चुकांची स्मारके

विज्ञानात सिद्धांत मरतात, पण त्यांनी दिलेली नावे जगतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी अठराव्या शतकात एका वायूला 'ऑक्सिजन' म्हणजे ग्रीक भाषेत 'आम्ल निर्माण करणारा' असे नाव दिले. प्रत्येक आम्लात हा वायू असलाच पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवून दिले आणि मीठापासून मिळणाऱ्या तीव्र आम्लात ऑक्सिजनचा अंशही नाही हे स्पष्ट झाले. सिद्धांत कोसळला, नाव राहिले. मराठीतील 'प्राणवायू' हे नाव या भानगडीतून सुटले, कारण ते वायूच्या रसायनाविषयी काही न सांगता त्याच्या उपयोगाविषयी सांगते.

'मलेरिया' या शब्दाचा इटालियन अर्थ 'दूषित हवा'. दलदलीवरून येणाऱ्या कुबट हवेमुळे हा ताप येतो असे शतकानुशतके मानले जात होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलिस डासाच्या शरीरात या रोगाचे परजीवी सापडले आणि हवा निर्दोष ठरली. नावात मात्र तिच्यावरचा आरोप अद्याप कायम आहे. 'हिवताप' या मराठी शब्दावर अशी वेळ कधी आली नाही. हुडहुडी भरून ताप येतो, एवढेच तो सांगतो, आणि ते कालही खरे होते व आजही आहे. ज्या नावात लक्षण असते ते टिकते. ज्यात कारण असते ते नव्या शोधाबरोबर खोटे पडू शकते.

हेलियमचे उदाहरण अधिक मनोरंजक आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून घेतले. त्यानंतर त्याच वर्षी सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या एका पिवळ्या रेषेचा उलगडा करताना इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी अज्ञात मूलद्रव्याची कल्पना मांडली. ते धातू असावे असे समजून त्याच्या नावाला सोडियम, पोटॅशियमप्रमाणे 'इयम' हा प्रत्यय जोडला गेला. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना पृथ्वीवर हेलियम सापडला आणि तो धातू नसून वायू असल्याचे सिद्ध झाले. निऑन, अर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन या भावंडांच्या पंक्तीत हेलियम आजही परक्या घराण्याचे नाव लावून बसला आहे. याच लॉकियर यांनी २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी कोकणात विजयदुर्ग येथे तळ ठोकला होता.

श्रेय एकाचे, नाव दुसऱ्याचे

शोधाला नाव देताना शोधकर्त्याचा सन्मान करावा अशी प्रथा आहे. ती वारंवार चुकते. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ स्टीफन स्टिग्लर यांनी १९८० मध्ये अर्ध्या थट्टेने एक नियमच मांडला: कोणत्याही वैज्ञानिक शोधाला त्याच्या मूळ शोधकाचे नाव मिळत नाही. या नियमाचे श्रेय समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचे आहे, हेही त्यांनीच सांगितले. म्हणजे स्टिग्लरचा नियम स्वतःलाच लागू पडला.

या नियमाचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या अंगणात आहे. एका पूर्ण संख्येच्या वर्गाला ठराविक संख्येने गुणून त्यात १ मिळवला असता येणारी संख्याही पूर्ण वर्ग असावी, अशा समीकरणाला जगभर 'पेलचे समीकरण' म्हणतात. सतराव्या शतकातील इंग्रज गणिती जॉन पेल यांचा ते सोडवण्याशी संबंध नव्हता. ब्राउंकर यांचे काम ऑयलर यांनी नजरचुकीने पेल यांच्या नावावर टाकले आणि तेच रूढ झाले. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये या समीकरणाची वाट दाखवली होती आणि ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'चक्रवाल' पद्धतीने ते सोडवून दाखवले होते. ६१ ही संख्या घेतली तर समीकरणाचे सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ असे अवाढव्य येते. भास्कराचार्यांनी ते दिले होते. याच ६१ च्या उदाहरणाचे आव्हान १६५७ मध्ये फर्मा यांनी युरोपातील गणितज्ञांना दिले, तेव्हा त्यांना भारतातील हे उत्तर ठाऊक नव्हते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालचा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचे सांगतो. शिलालेखात नाव कोरले गेले. पाठ्यपुस्तकात दुसऱ्याचे छापले गेले.

कधीकधी नावाचा प्रवास इतका वळणावळणाचा असतो की मूळ ओळखूही येत नाही. त्रिकोणमितीतील 'साइन' हे मूळचे संस्कृत 'ज्या' किंवा 'जीवा', म्हणजे धनुष्याची दोरी. अरबी विद्वानांनी ते 'जिबा' असे उचलले. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नसल्याने पुढे तो शब्द 'जैब' असा वाचला गेला. 'जैब' म्हणजे वस्त्राची घडी, छातीशी असलेला खोलगा. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचे शब्दशः 'सायनस' केले आणि त्याचा 'साइन' झाला. हिंदीतील 'जेब' हा शब्दही त्याच अरबी शब्दातून आलेला आहे. धनुष्याची दोरी अशा रीतीने खिशात गेली.

नाव नीट पोहोचल्याचीही उदाहरणे आहेत. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना ६१७४ या संख्येचा एक चमत्कार आढळला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधून कापरेकरांची ओळख करून दिल्यावर हे नाव जगभर पोहोचले. आज ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. कापरेकर स्वतः नावे देण्यात रसिक होते. संख्यांच्या एका प्रकाराला त्यांनी आपल्या गावावरून 'देवळाली संख्या' म्हटले, तर दुसऱ्याला 'डेम्लो संख्या'. ही कल्पना त्यांना मुंबईपासून तीस मैलांवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकात सुचली होती.

आजाराचे नाव, गावाची बदनामी

रोगाला दिलेले नाव चुकले तर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते. १९१८ च्या महासाथीला 'स्पॅनिश फ्लू' म्हटले गेले. साथ स्पेनमध्ये सुरू झाल्याचा पुरावा नव्हता. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या राष्ट्रांनी वृत्तपत्रांवर निर्बंध लादले होते. तटस्थ स्पेनमधील वृत्तपत्रांनी मात्र साथीच्या बातम्या मोकळेपणाने छापल्या. खरे बोलण्याची शिक्षा म्हणून त्या देशाच्या कपाळी रोगाचे नाव चिकटले.

२००९ मध्ये 'स्वाइन फ्लू' आला. पुण्यात देशातील पहिला बळी गेला आणि शहरात घबराट पसरली. हा विषाणू माणसाकडून माणसाकडे पसरत होता, डुकराचे मांस खाल्ल्याने नव्हे. तरीही त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात इजिप्तच्या सरकारने देशातील सुमारे ३ लाख डुकरे मारण्याचा निर्णय घेतला. कैरोतील कचरा वेचणाऱ्या समाजाची ही डुकरे शहरातील ओला कचरा फस्त करीत असत. ती गेल्यावर कैरोच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचू लागले. एका नावाने साथ थांबली नाही. हजारो कुटुंबांचे पोट मात्र हिरावले.

अशा अनुभवांमुळे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१५ मध्ये नव्या रोगांच्या नामकरणाचे संकेत ठरवून दिले. त्यानुसार नावात स्थळ, व्यक्ती, प्राणी, अन्नपदार्थ वा व्यवसाय यांचा उल्लेख टाळायचा. ११ फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर झालेले 'कोविड-१९' हे नाव याच संकेतांतून जन्मले. तरीसुद्धा २०२१ मध्ये भारतात प्रथम आढळलेल्या प्रकाराला जगभरची माध्यमे 'इंडियन व्हेरिएंट' म्हणू लागली. केंद्र सरकारने त्यावर आक्षेप घेतला आणि ३१ मे २०२१ रोजी संघटनेने विषाणूच्या प्रकारांसाठी ग्रीक अक्षरे स्वीकारली. भारतावरचा शिक्का पुसून 'डेल्टा' हे नाव रूढ झाले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये 'मंकीपॉक्स'चे 'एमपॉक्स' करण्यामागेही हाच विचार होता.

वादळांच्या नावांनाही असा मान-अपमान चिकटतो. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांना २००४ पासून नावे दिली जातात. २०१३ मध्ये श्रीलंकेने सुचवलेले 'महासेन' हे नाव एका वादळाला मिळाले. महासेन हा तलाव बांधून प्रजेला सुखी करणारा राजा. त्याचे नाव विध्वंसाला कसे, असा आक्षेप त्या देशातूनच आला आणि वादळाचे नाव बदलून 'वियारू' करावे लागले.

भीती आणि भुरळ

नुसत्या नावाने रुग्ण बिचकतो, याचे उदाहरण प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आहे. 'एमआरआय' या तपासणीमागील तत्त्वाचे मूळ नाव 'न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स'. येथे 'न्यूक्लिअर' म्हणजे हायड्रोजन अणूचे केंद्रक. या तपासणीत किरणोत्सर्ग होत नाही. परंतु अणुबॉम्बच्या स्मृती ताज्या असलेल्या काळात हा शब्द धडकी भरवणारा होता. वैद्यकीय वापरात तो गाळला गेला आणि यंत्र तेच राहून भीती ओसरली.

विश्वाच्या उत्पत्तीविषयीच्या सिद्धांताचे 'बिग बँग' हे नाव त्याच्या विरोधकाने ठेवले. १९४९ मध्ये बीबीसीच्या आकाशवाणीवर बोलताना फ्रेड हॉयल यांनी हा शब्द वापरला. हॉयल आणि त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांचा या सिद्धांतावरील आक्षेप अखेरपर्यंत कायम होता. नाव मात्र सुटसुटीत निघाले आणि लोकांच्या तोंडी बसले. त्यामुळे विश्वाची सुरुवात म्हणजे मोकळ्या जागेत झालेला बॉम्बस्फोट, अशी समजूत रूढ झाली. प्रत्यक्षात हा सिद्धांत अवकाशाच्याच प्रसरणाविषयी आहे. १९९३ मध्ये एका अमेरिकी खगोलविषयक मासिकाने पर्यायी नावासाठी स्पर्धा घेतली. तेरा हजारांहून अधिक सूचना आल्या, पण परीक्षकांना त्यातली एकही पसंत पडली नाही.

संगणकाच्या युगात नावाने आणखी एक खोडी काढली. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशी होती. संशोधक ती एक्सेलच्या तक्त्यात भरत आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. २०१६ मधील एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० पर्यंत वर्षभरात २७ जनुकांची नावे बदलली. यंत्र शहाणे होईना, म्हणून माणसाने जनुकांचे बारसे पुन्हा केले.

स्लोव्हेनियातील गुहांमध्ये राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ मध्ये हिटलरचे नाव देण्यात आले. प्राणिशास्त्राच्या नियमांनुसार एकदा दिलेले नाव केवळ अप्रिय झाले म्हणून बदलता येत नाही. नाझींच्या वस्तू जमवणारे हौशी लोक या निरुपद्रवी किड्याच्या मागे लागले आणि नावापायी त्याच्या अस्तित्वावर गदा आली. वनस्पतिशास्त्राने २०२४ मध्ये माद्रिद येथील परिषदेत वेगळी वाट धरली. आफ्रिकी लोकांना अपमानास्पद वाटणारा 'काफ्रा' हा शब्द दोनशेहून अधिक वनस्पतींच्या नावांत होता. तो बदलून 'आफ्रा' करण्याचा निर्णय तेथे झाला.

ताटातील नावे

स्वयंपाकघरात तर नावांचे घोटाळे रोज शिजतात. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. तिचा तिखटपणा पाहून लोकांना काळी मिरी आठवली आणि मिरीवरून मिरची झाली. कोलंबसाच्या मंडळींनीही तिला मिरीचेच नाव दिले होते. दोन खंडांतील लोकांनी एकमेकांना न विचारता एकच चूक केली. सीताफळ आणि रामफळ हीदेखील मूळची अमेरिकेतील फळे. रामायणातील नावे लाभल्याने ती इतकी आपली झाली की त्यांचे परदेशी मूळ सांगितले तर ऐकणारा चकित होतो. साबुदाण्याला सागो नावाच्या ताडवृक्षाचे नाव आहे. भारतात तो टॅपिओकाच्या कंदापासून तयार होतो. एकादशीच्या खिचडीला त्याने फरक पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

बाजारात नावाला थेट किंमत असते. १९५९ मध्ये न्यूझीलंडच्या निर्यातदारांनी 'चायनीज गूजबेरी' या फळाचे 'किवीफ्रूट' असे नामकरण केले आणि ते जगभर खपू लागले. दक्षिण महासागरातील 'पॅटागोनियन टूथफिश' या माशाला अमेरिकेत कुणी विचारत नव्हते. १९७७ मध्ये एका व्यापाऱ्याने त्याला 'चिलीयन सी बास' हे रुचकर नाव दिले. मागणी इतकी वाढली की पुढे त्याच्या बेसुमार मासेमारीची चिंता करण्याची वेळ आली. नावाने माशाला प्रतिष्ठा दिली आणि त्याचा जीव घेतला.

कोकणातील बागायतदाराला हे गणित चांगले ठाऊक आहे. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून 'अल्फान्सो' आणि त्यावरून 'हापूस' झाला असे मानले जाते. इतर प्रांतांतील आंबा याच नावाने विकला जाऊ लागल्यावर नावाचे रक्षण करणे भाग पडले. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. एका नावाच्या तीन अक्षरांत सड्यावरची माती, खारा वारा आणि पिढ्यांची मेहनत सामावलेली असते असे मानायला कायद्याचीही मान्यता मिळाली.

नाव आणि नशीब

नावावरून माणसाचे भवितव्य ठरते काय, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनाही पडला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दावा केला, की माणसे आपल्या नावाशी जुळणाऱ्या गावांकडे व व्यवसायांकडे ओढली जातात. डेनिस नावाचे लोक डेंटिस्ट होण्याची शक्यता अधिक असते. निष्कर्ष चटकदार होता. २०११ मध्ये उरी सायमनसन यांनी त्याची फेरतपासणी केली आणि त्यातील बरेचसे संबंध अन्य कारणांनी स्पष्ट होतात हे दाखवले. प्रत्येक पिढीत काही नावे लोकप्रिय असतात, काही मागे पडतात; त्या पिढीचे व्यवसायही ठराविक असतात. दोन्हींचा मेळ बसला की नावानेच व्यवसाय ठरवल्याचा भास होतो.

स्त्रीचे नाव असलेल्या चक्रीवादळांना लोक कमी घाबरतात, म्हणून त्यांत अधिक माणसे मरतात, असे २०१४ मधील एका अभ्यासाने सांगितले. त्यावरही आक्षेप आले. अमेरिकेत १९७८ पर्यंत अशा सर्व वादळांना स्त्रियांचीच नावे दिली जात, आणि त्या काळी पूर्वसूचनेची साधने तोकडी होती. मृत्यू अधिक होण्यास ते कारण पुरेसे आहे. नावाची जादू सांगणारी प्रत्येक गोष्ट खरी नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

जे परिणाम कसोटीला उतरले, ते अधिक अस्वस्थ करणारे आहेत. बर्ट्रांड आणि मुल्लईनाथन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो व बोस्टन येथे नोकरीसाठी बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखीच; काही अर्जांवर गोऱ्यांची वाटणारी नावे, काहींवर कृष्णवर्णीयांची. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या प्रकारच्या अर्जांना ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून असाच अभ्यास केला. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोनतृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या उमेदवाराला सुमारे एकतृतीयांश आढळला. पदवी तीच, गुण तेच. दार उघडायचे की नाही हे आडनावाने ठरवले.

हा अनुभव वस्त्यांच्या नावांतही होता. पाटीवर जात लिहिलेल्या वस्तीचा पत्ता अर्जावर लिहावा लागणे म्हणजे ओळख देण्याआधीच ओळख ठरणे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने राज्यातील वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. मार्च २०२४ मध्ये आणखी एक निर्णय झाला: १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव येईल. शतकानुशतके पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आईला कागदावर जागा मिळायला एवढा काळ लागला.

नकुशी

मराठी मुलखात दगडू, धोंडू, भिकू अशी नावे ठेवण्याची जुनी रीत होती. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाला असे ओबडधोबड नाव द्यायचे; दृष्ट लागू नये, काळाने दुर्लक्ष करावे आणि मूल दगडासारखे टिकावे. नाव कुरूप, पण त्यामागची माया अपार.

सातारा जिल्ह्यातील 'नकुशी' किंवा 'नकोशी' हे नाव त्याच्या नेमके उलट. मुलींमागून मुली झाल्यावर, आता तरी मुलगा व्हावा म्हणून शेवटच्या मुलीला हे नाव दिले जाई. ती शाळेत हजेरी देई ती 'नको असलेली' म्हणून आणि मैत्रिणी हाक मारीत ती त्याच अर्थाने. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या; २००१ मध्ये हे प्रमाण ९१३ होते. आकड्यांत जे दिसत होते, ते या मुलींच्या हजेरीपटावर अक्षरांत लिहिलेले होते.

त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे जिल्हा प्रशासनाने नामकरणाचा एक आगळा सोहळा घडवून आणला. नकुशी नावाच्या २८५ मुलींनी त्या दिवशी नवी नावे घेतली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. हातात फुले आणि नव्या नावाचे प्रमाणपत्र घेऊन त्या घरी परतल्या.

त्या दिवसाने त्यांच्या घरची शेती वाढली नाही की शाळेची वाट जवळ आली नाही. मुलगाच हवा ही मनाची ओढही एका कार्यक्रमाने सुटत नसते. बदलली ती केवळ एक हाक. मात्र बारशाला कानात सांगितलेला शब्द माणूस जन्मभर ऐकत असतो, आणि गर्दीतही त्याची मान त्याच शब्दाला वळते. दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेताना त्या मुलींना ज्या नावाने 'हजर' म्हणायचे होते, त्याचा अर्थ 'नको' असा नव्हता.